अमेरिका पश्चिमेकडे कशी पसरली आणि सुधारणेच्या चळवळी कुठून उगवल्या? (१८००–१८५०) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा आणि लिंकनच्या काळातलं यादवी युद्ध यांबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळतं. मधल्या पन्नास वर्षांबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. पाठ्यपुस्तकांत या काळाची दोन प्रकरणं असतात, एक ‘पश्चिमेकडचा विस्तार’ आणि दुसरं ‘समाजसुधारणा’. ही विभागणी मला पटत नाही. सुधारकांना ज्या प्रश्नांनी झोप येऊ दिली नाही, त्यांतले बरेचसे या विस्तारानंच उभे केले होते. म्हणून खालचे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत.

आपण नेमक्या कोणत्या काळाबद्दल बोलतोय?

साधारण १८०० ते १८५०. १८००च्या जनगणनेत देशात ५३ लाख लोक होते आणि राज्यं १६. १८५० संपताना राज्यं ३१ झाली होती आणि लोकसंख्या २ कोटी ३२ लाखांवर गेली होती. सुरुवातीला देशाची पश्चिम हद्द मिसिसिपी नदीपाशी संपायची, शेवटी ती पॅसिफिकच्या किनाऱ्याला भिडली.

लुईझियाना खरेदी म्हणजे काय? एवढी जमीन फ्रान्सनं विकलीच का?

अमेरिकेला मुळात एवढी जमीन नकोच होती. हवं होतं ते न्यू ऑर्लिन्स बंदर. ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातला शेतकरी आपलं पीठ, डुकराचं मांस आणि व्हिस्की सपाट बुडाच्या होड्यांतून नदीनं खाली सोडायचा, आणि तो माल समुद्रात जायचा न्यू ऑर्लिन्समधून. ते बंदर परक्याच्या हातात म्हणजे आपली मानगूट परक्याच्या हातात, हे राष्ट्राध्यक्ष जेफरसन ओळखून होता. बंदर विकत घ्यायला म्हणून त्यानं माणसं पॅरिसला धाडली. तिथे नेपोलियनच्या मंत्र्यांनी त्यांना विचारलं, सगळंच घेता का?

नेपोलियनचं मन का बदललं, याचं उत्तर कॅरिबियन समुद्रात आहे. आज ज्याला हैती म्हणतात ती फ्रान्सची सोन्याची कोंबडी होती, कारण तिथली साखर. तिथल्या गुलामांनी बंड केलं. ते मोडायला गेलेलं फ्रेंच सैन्य बंडखोरांनी आणि पिवळ्या तापानं मिळून संपवलं. साखरेचं बेटच गेल्यावर त्याला धान्य पुरवणारं लुईझियाना ठेवून करायचं काय? त्यात इंग्लंडशी पुन्हा युद्ध तोंडावर आलेलं. ३० एप्रिल १८०३च्या तारखेनं करार झाला. किंमत दीड कोटी डॉलर, क्षेत्र सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल. एकरी तीन सेंटसुद्धा पडले नाहीत.

थोडक्यात, गुलामांनी स्वातंत्र्यासाठी केलेल्या बंडामुळे अमेरिकेला ही जमीन मिळाली, आणि तिच्याच मोठ्या तुकड्यावर पुढे गुलामांकडून कापूस आणि ऊस पिकवला गेला. शाळेतल्या नकाशात हा भाग एका रंगात रंगवलेला असतो, त्यात हे दिसत नाही.

पण ती जमीन फ्रान्सची होती का?

कागदावर होती. प्रत्यक्षात तिथे ओसेज, लकोटा, मँडन, पॉनी अशी कितीतरी राष्ट्रं नांदत होती आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही. अमेरिकेनं विकत घेतला तो ‘इतर युरोपीय सत्तांनी इथे दावा सांगू नये’ एवढाच हक्क. मूळनिवाशांकडून जमीन घेण्याचं काम त्यानंतर कित्येक दशकं चाललं. कधी तहानं, कधी दमदाटीनं, कधी बंदुकीनं.

लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचं एवढं कौतुक का?

नव्या प्रदेशाची पाहणी करायला जेफरसननं या दोघांना धाडलं होतं. मे १८०४मध्ये सेंट लुईसजवळून निघून नोव्हेंबर १८०५मध्ये पॅसिफिक गाठणं आणि सप्टेंबर १८०६मध्ये जवळजवळ सगळ्या माणसांसह परतणं, हे कौतुकाचंच आहे. सोबत असलेली शोशोनी तरुणी सॅकाजविया हिच्या कडेवर तान्हं मूल होतं. डोंगर ओलांडायला घोडे हवे होते म्हणून शोशोनींच्या एका टोळीशी बोलणी सुरू झाली, तर टोळीचा प्रमुख तिचा भाऊच निघाला. मोहिमेत यॉर्क नावाचा क्लार्कचा गुलामही होता. तो शिकार करायचा, होड्या वल्हवायचा, बाकीच्यांच्या बरोबरीनं सगळं करायचा. परत आल्यावर इतरांना पगार आणि जमीन मिळाली. यॉर्कला काहीच नाही, आणि स्वातंत्र्य मागितलं तर तेही क्लार्कनं तेव्हा दिलं नाही.

सामान्य माणसाला जमीन कशी मिळायची?

सरकारी जमीन मोजून, चौकोन पाडून विकली जायची. ही पद्धत १७८५च्या कायद्यानं घालून दिली. सहा मैल लांब-रुंद असा एक मोठा चौकोन, त्याचे एक-एक चौरस मैलाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्यातला सोळावा भाग शाळेसाठी राखीव. मिडवेस्टवरून विमानानं जाताना खाली जी सरळसोट शेतं आणि काटकोनातले रस्ते दिसतात, ते त्याच मोजणीचं अपत्य.

१८२० साली किमान भाव एकरी सव्वा डॉलर झाला आणि कमीत कमी ८० एकर घेता येऊ लागले. म्हणजे शंभर डॉलर रोख असले की शेत आपलं. मजुराला ही रक्कम लहान नव्हती, त्यामुळे हजारो कुटुंबं आधी जमिनीवर जाऊन बसायची, झाडं तोडायची, झोपडं बांधायची आणि पैशाचं मग बघू म्हणायची. अशा कब्जेदारांना खरेदीत पहिला हक्क देणारा कायदा १८४१मध्ये झाला.

इरी कालव्याचा उल्लेख सगळीकडे येतो. एका कालव्यात एवढं काय होतं?

ॲपलाचियन डोंगररांगेमुळे देशाचे दोन भाग पडले होते. पलीकडचा गहू बैलगाडीनं किनाऱ्यावर आणायचा तर भाडंच मालापेक्षा महाग. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल आणायला सुमारे १०० डॉलर पडायचे. न्यूयॉर्कचा गव्हर्नर डेविट क्लिंटन यानं ठरवलं की हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून इरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत ३६३ मैलांचा कालवा खणायचा. केंद्र सरकारनं पैसे नाकारले. लोकांनी त्या कामाला ‘क्लिंटनचं गटार’ असं नाव ठेवलं.

गंमत म्हणजे हे काम करायला देशात शिकलेले इंजिनिअर जवळपास नव्हतेच. मुख्य जबाबदारी घेतलेले बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे जमिनी मोजणारे, आणि जोडीला न्यायाधीश. काम करता करता शिकले. खोदाई १८१७मध्ये सुरू झाली आणि १८२५मध्ये पूर्ण झाली. कालवा ४० फूट रुंद आणि खोली फक्त ४ फूट. पण वाटेत चढ एवढा की ८३ ठिकाणी लॉक बांधावे लागले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं की बोट तरंगत वर येते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. लॉकपोर्ट गावात तर खडक फोडून अशा पाच लॉकांच्या दोन रांगा शेजारी शेजारी बांधल्या, एक चढणाऱ्या बोटींसाठी, एक उतरणाऱ्यांसाठी. बोट ओढायची खेचरं किंवा घोडे, काठावरच्या पायवाटेवरून, आणि त्यांना हाकायला बरेचदा एखादा पोरगा.

मालाचं भाडं टनाला दहा डॉलरच्या खाली आलं. न्यूयॉर्क देशाचं पहिल्या क्रमांकाचं बंदर झालं. सिरॅक्यूज, रॉचेस्टर, बफेलो ही शहरं कालव्याच्या काठानं फुगली. रॉचेस्टर हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

समाजसुधारणेची लाट अचानक कशी आली?

अचानक आली नाही. कालव्यानं माणसं गावातून उचलून नव्या शहरांत आणून टाकली. आई-बाप, शेजार, चर्चचा जुना पाद्री सगळं मागे राहिलं. अशा लोकांसमोर फिरते धर्मप्रचारक उभे राहिले. चार्ल्स फिनी हा त्यांतला सर्वांत गाजलेला. १८३०–३१च्या हिवाळ्यात त्यानं रॉचेस्टर हलवून सोडलं. माणूस जन्मतः पापी आणि त्याचं भवितव्य ठरलेलं, ही जुनी शिकवण बाजूला सारून तो सांगायचा की माणसानं ठरवलं तर तो सुधारू शकतो. माणूस सुधारतो तर समाज का नाही, हा पुढचा प्रश्न आपोआप आला. दारू, गुलामगिरी, तुरुंग, वेड्यांची इस्पितळं, शाळा, सगळीकडे लोक हात घालू लागले. मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मॅन १८३७ पासून सार्वजनिक शाळांच्या मागे लागला. १८४१मध्ये डोरोथिया डिक्स तुरुंगात रविवारचा धार्मिक वर्ग घ्यायला गेली, तिथे मनोरुग्ण स्त्रिया बिनशेगडीच्या खोलीत कोंडलेल्या पाहिल्या आणि पुढचं आयुष्य त्याच कामात घातलं.

दारूबंदीवर एवढा भर का? संस्कृतिरक्षकांचा उद्योग होता का?

थोडा होता. पण आधी आकडा पाहा. १८३०च्या सुमारास दर प्रौढ माणशी वर्षाला सात गॅलनहून जास्त शुद्ध अल्कोहोल प्यायलं जात होतं, आजच्या अमेरिकेच्या जवळपास तिप्पट. कारण पुन्हा वाहतुकीचंच. डोंगरापलीकडचा मका आहे तसा बाजारात नेणं परवडत नव्हतं, व्हिस्की करून नेली तर परवडायची, टिकायचीही. त्यामुळे व्हिस्की स्वस्त, आणि ती कामावरसुद्धा दिली जायची. विवाहित बाईच्या नावावर ना पगार ना मालमत्ता. नवऱ्यानं पिऊन उडवलं की चूल बंद. बायका या चळवळीत मोठ्या संख्येनं का उतरल्या, ते यातून कळतं. १८२६मध्ये राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली, आणि १८४०च्या दशकात दारूचा खप निम्म्याच्याही खाली आला. १८५१मध्ये मेन राज्यानं दारूबंदीचा कायदा केला.

उत्तरेत गुलामगिरी नव्हती ना? मग तिचा दोष सगळ्या देशाला कसा?

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापड गिरण्या बघा. १८२३ पासून तिथे कापड निघू लागलं. चात्या चालवायला आसपासच्या शेतकरी कुटुंबांतल्या मुली यायच्या. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटा झाली की उठायचं, घंटेवर जेवायचं, दिवसाला बारा-तेरा तास उभं राहायचं. १८३४मध्ये आणि १८३६मध्ये त्यांनी संपही केले. त्यांच्या मागांवरचा कापूस मात्र यायचा अलाबामा-मिसिसिपीच्या मळ्यांतून, गुलामांनी वेचलेला. त्यातलंच काही जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जायचं, गुलामांच्या अंगावर घालायला. दक्षिणेत अशा कापडाला ‘लोवेल’ म्हणूनच ओळखत.

१७९३च्या सरकी काढणाऱ्या यंत्रानंतर कापूस प्रचंड फायद्याचा झाला आणि त्याला सतत नवी जमीन हवी होती. १७९०मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६०मध्ये जवळपास ४० लाख. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८मध्ये बंदी आली, पण देशांतर्गत बाजार जोरात होता. व्हर्जिनिया-मेरीलंडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसं दक्षिण-पश्चिमेच्या कापूसपट्ट्यात हलवली गेली, बरीचशी विकून, घरादारापासून तोडून. पश्चिमेकडचा विस्तार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गोऱ्या कुटुंबाची गाडी येते. साखळदंडात पायी चालवलेली ही माणसंही पश्चिमेलाच निघाली होती.

मिसूरीची तडजोड एका ओळीत सांगाल?

१८२०मध्ये मिसूरीला गुलामांचं राज्य आणि मेनला मुक्त राज्य म्हणून आत घ्यायचं, आणि लुईझियानाच्या उरलेल्या भागात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नको असं ठरलं.

‘अश्रूंची वाट’ म्हणजे काय? चेरोकींना का हाकललं?

‘ते मागासलेले होते, म्हणून टिकले नाहीत’ हे उत्तर अजूनही ऐकू येतं, म्हणून इथे जरा थांबतो.

चेरोकी हे मूळनिवाशांचं एक राष्ट्र. जॉर्जियातले चेरोकी शेती करत, त्यांचं लिखित संविधान होतं. सिक्वोया नावाच्या गृहस्थाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्यानं १८२१पर्यंत आपल्या भाषेसाठी अक्षरमाला तयार केली, एका चिन्हाला एक अक्षर. काही वर्षांत मोठ्या संख्येनं लोक साक्षर झाले. १८२८ पासून न्यू इकोटा या राजधानीतून त्यांचं द्वैभाषिक वर्तमानपत्र निघू लागलं. श्रीमंत चेरोकींकडे गोऱ्यांप्रमाणे काळे गुलामही होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणजे ‘सुधारा’ असं सांगणाऱ्यांनी जे जे सांगितलं, ते सगळं त्यांनी केलं होतं.

तरी जॉर्जियाला जमीन हवी होती. १८२९मध्ये तिथे सोनं सापडल्यावर घाई वाढली. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं मूळनिवाशांच्या स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. चेरोकींच्या बाजूनं उभा राहिलेला मिशनरी सॅम्युएल वूस्टर याला जॉर्जियानं चार वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८३२मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकींच्या हद्दीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल कागदावर राहिला.

१८३५च्या डिसेंबरमध्ये मूठभर चेरोकींनी जमीन सोडण्याच्या तहावर सह्या केल्या. त्यांत वर्तमानपत्राचा आधीचा संपादक एलायस बुडिनो होता. लढाई हरलीच आहे, निदान मोबदला तरी मिळू दे, हा त्याचा हिशोब. मुख्य नेते जॉन रॉस यांनी १५ हजारांहून जास्त लोकांच्या नावांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला नेला, पण सिनेटनं तह एका मताच्या फरकानं मंजूर केला. मे १८३८मध्ये सैन्य आलं. घराघरातून लोकांना बाहेर काढून लाकडी कुंपणांच्या छावण्यांत कोंडलं. भर उन्हाळ्यात तिथे हगवणीनं माणसं मरू लागली. मग हिवाळ्यात बर्फातून हजार मैलांचा प्रवास आजच्या ओक्लाहोमापर्यंत. हीच ‘अश्रूंची वाट’. सुमारे १६ हजारांपैकी ४ हजारांच्या आसपास दगावले असा अंदाज आहे. रॉस यांची बायको क्वाटी वाटेतच गेली. बुडिनोला १८३९मध्ये तहाचा सूड म्हणून चेरोकींनीच मारलं.

‘मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच तो अमलात आणावा’ असं जॅक्सन म्हणाला होता ना?

हे वाक्य छापून आलं ते तो वारल्यावर बऱ्याच वर्षांनी. तो असं बोलला असा पुरावा नाही. वागला मात्र तसाच.

बैलगाड्यांचे तांडे सिनेमात दाखवतात तसेच होते का?

रिंगणाभोवती बाण सोडत फिरणारे घोडेस्वार हे सिनेमाचं. पॅसिफिककाठच्या ऑरेगनला जाणाऱ्या सुमारे दोन हजार मैलांच्या वाटेवर माणसं मेली ती जास्त करून पटकीनं, नदीत बुडून किंवा गाडीखाली येऊन. गाडी सामानानं भरलेली, त्यामुळे बहुतेक लोक पायीच चालत. एप्रिल-मेमध्ये गवत उगवलं की निघायचं आणि बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडायचे. चार ते सहा महिने. उशीर झाला तर काय होतं, ते १८४६मध्ये सिएरा नेवाडात अडकलेल्या डॉनर तांड्यानं दाखवलं. त्यातले जवळपास निम्मे लोक वाचले नाहीत.

टेक्सास आणि कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून कसे आले?

टेक्सासमध्ये मेक्सिकोनंच अमेरिकी लोकांना वसायला बोलावलं होतं. ते कापसासाठी गुलाम घेऊन आले, आणि मेक्सिकोनं १८२९मध्ये गुलामगिरी रद्द केली. बिनसायला इतर कारणंही होती, पण हे मोठं. १८३६मध्ये टेक्सास वेगळं झालं, १८४५मध्ये अमेरिकेत आलं, आणि १८४६मध्ये युद्ध पेटलं. सगळं खंड व्यापणं हे आपलं दैवी भागधेय आहे, अशी भाषा १८४५ पासून वर्तमानपत्रांत रूढ झाली होती. २ फेब्रुवारी १८४८च्या तहानं मेक्सिकोनं कॅलिफोर्नियासह निम्म्याच्या आसपास देश गमावला, टेक्सास धरून. मोबदला पुन्हा दीड कोटी डॉलर. आणि नऊच दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात एका लाकडाच्या गिरणीपाशी सोनं सापडलं होतं. तह करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

स्त्रियांच्या हक्कांची चळवळ गुलामगिरीविरोधी चळवळीतून निघाली असं म्हणतात. ते कसं?

१ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम लॉईड गॅरिसननं आपलं साप्ताहिक काढलं. मागणी एकच, गुलामगिरी ताबडतोब आणि पूर्ण बंद. उत्तरेतही त्यावर दगड पडत. १८३७मध्ये इलिनॉयमध्ये संपादक एलायजा लव्हजॉय याला जमावानं ठार केलं. या चळवळीत बायका अर्ज गोळा करायच्या, निधी जमवायच्या. पण १८४०मध्ये लंडनच्या जागतिक परिषदेला अमेरिकेच्या स्त्री प्रतिनिधी गेल्या, तर त्यांना प्रतिनिधी म्हणून बसूच दिलं नाही. पडद्याआड, प्रेक्षकांत बसा म्हणाले. लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांची ओळख तिथेच झाली.

आठ वर्षांनी, १९ आणि २० जुलै १८४८ला, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी सभा भरली. इरीला जोडणाऱ्या एका कालव्यावरचंच हे गाव. जाहीरनामा स्वातंत्र्याच्या घोषणापत्राच्या धर्तीवर लिहिलेला होता. सगळे ठराव सहज झाले, अडलं ते मताधिकारावर. हे मागितलं तर लोक हसतील अशी भीती खुद्द मॉट यांना होती. त्या ठरावाच्या बाजूनं फ्रेडरिक डग्लस उभा राहिला, दहाच वर्षांपूर्वी गुलामीतून पळालेला आणि आता रॉचेस्टरमध्ये स्वतःचं पत्र चालवणारा. ठराव झाला. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. पुढे चेष्टा सुरू झाल्यावर काहींनी सह्या मागेही घेतल्या. मत मिळालं १९२०मध्ये, तेव्हा सही करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड एकटी हयात होती.

त्या काळात मताधिकार तर वाढला होता ना?

गोऱ्या पुरुषांचा वाढला, मालमत्तेची अट गेली. त्याच वेळी पेनसिल्व्हेनियानं १८३८मध्ये काळ्यांचं मत काढून घेतलं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि ओढूनताणून जोडलेला नाही. अमेरिकन बोर्ड नावाच्या ज्या मिशनरी संस्थेनं वूस्टरला चेरोकींकडे पाठवलं, त्याच बोर्डाचे मिशनरी १८१३मध्ये मुंबईत उतरले होते. वूस्टर तुरुंगात गेला त्या १८३१ सालीच बोर्डाचं काम अहमदनगरला सुरू झालं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती आणि पुण्यात स्वतःची शाळा काढली ती १८४८मध्ये, सेनेका फॉल्सच्याच वर्षी. १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आनंदीबाई जोशी जिथे डॉक्टर झाल्या ते फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं मेडिकल कॉलेजही १८५०चं, याच लाटेतलं.

माझं मत विचाराल तर जोतीरावांनी अमेरिकेतल्या सुधारकांकडे पाहिलं, तिथल्या सरकारकडे नाही. अर्पणपत्रिका वाचताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

अमेरिकेत राहतो. यातलं काय पाहता येईल?

बॉस्टनच्या बाजूला असाल तर लोवेलची बूट मिल. मागांची एक शेड चालू ठेवली आहे, आत जाताना कानात घालायला बोळे देतात. ते घ्याच. न्यूयॉर्क राज्यात नायगाराला जाताय तर लॉकपोर्ट अर्ध्या तासावर आहे आणि जुने पाच लॉक तिथे पाहता येतात. सेनेका फॉल्सला सभेच्या जागी राष्ट्रीय उद्यान आहे. अटलांटावाल्यांनी चट्टानूगाच्या रस्त्यावर कॅलहूनपाशी वळून न्यू इकोटा पाहावं. तिथे छापखान्याची प्रतिकृती आहे आणि वूस्टरचं घर मात्र मूळचं, अजून उभं आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासा.